मिष्किनचे गुन्हेपट: सुरुवात कुठून करावी?

काजवा

तमिळ गुन्हेपटांचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी वेट्रिमारनपासून सुटते आणि लोकेश कनगराजपाशी थांबते. मधल्या मिष्किन या दिग्दर्शकाच्या स्टेशनावर फारसं कुणी उतरत नाही, म्हणून हा धागा.

थोडक्यात ओळख. मूळ नाव षण्मुगराजा. 'मिष्किन' हे नाव दोस्तोयेव्हस्कीच्या 'इडियट'मधल्या राजपुत्रावरून घेतलेलं. चेन्नईत पुस्तकांच्या दुकानात नोकरी, मग विन्सेंट सेल्वा यांच्याकडे सहायक, आणि २००६ साली पहिला चित्रपट 'चित्तिरम् पेसुदडी'. त्यानंतर 'अंजादे' (२००८), 'नंदलाला' (२०१०), 'युद्धम् सेय्' (२०११), 'मुगमूडी' (२०१२), 'ओनायुम् आट्टुक्कुट्टियुम्' (२०१३), 'पिसासु' (२०१४), 'तुप्परिवाळन्' (२०१७), 'सायको' (२०२०).

माझं म्हणणं असं, की खुनी कोण हे शोधायला याचे चित्रपट लावले तर हाती फारसं काही लागत नाही. गुन्हा हे त्याच्याकडे निमित्त असतं. तो घडून गेल्यावर उरलेली माणसं एकमेकांना कशी सांभाळतात, किंवा सांभाळत नाहीत, यावर त्याचा सगळा जीव. हे माहीत नसल्यामुळे बरेच जण पहिल्या अर्ध्या तासात बंद करतात.

तर दोन प्रश्न. नव्या प्रेक्षकाने कुठल्या चित्रपटापासून सुरुवात करावी? आणि त्याच्या त्या ठरलेल्या लकबी, म्हणजे पायांचे शॉट, मान खाली घालून उभी माणसं, एकेक करून येणारे गुंड, तुम्हाला भावतात की खटकतात?

रहस्य फोडणार असाल तर आधी 'स्पॉयलर' लिहा, ही विनंती.

तिठा

'अंजादे'. दुसरं उत्तर नाही.

वाळवण

तिठा, एका ओळीत निकाल लावलात, कारणही द्या की.

तिठा

देतो. दोन मित्र, दोघांचे वडील पोलिसात, घरं पोलीस वसाहतीत समोरासमोर. किरुबा मन लावून सब-इन्स्पेक्टरच्या परीक्षेची तयारी करतोय. सत्या रोज कुणाशी तरी मारामारी करतोय. वर्दी मिळते सत्याला, तीही वशिल्याने. किरुबा राहतो बाहेर आणि हळूहळू दया नावाच्या अपहरण करणाऱ्याच्या हाती लागतो. एवढी साधी कथा, पण यात खलनायक जन्माला येत नाही, डोळ्यांसमोर घडतो. एका अन्यायातून घडतो आणि तो अन्याय आपल्याला पटलेला असतो, त्यामुळे नंतर त्याला शिव्या घालायला तोंड उघडत नाही.

शिवाय शेवटचा ऊसाच्या शेतातला प्रसंग. पाठलाग म्हणजे गाड्या आणि छपरांवरच्या उड्या असा समज असेल तर तो तिथे पार मोडतो. दोन हातांवरचा माणूस दिसत नाही, फक्त पानांची सळसळ.

उंबरठा

सत्या झालेला नरेन आठवत नसेल तर आठवण करून देते: 'कैदी'मधला इन्स्पेक्टर बिजॉय तोच. बरेच जण त्याला तिथूनच ओळखतात.

पण मला जास्त बोलायचंय ते पात्रनिवडीवर. मिष्किन नटाची जनमानसातली प्रतिमा उलटी करून वापरतो आणि ते फार विचारपूर्वक करतो. प्रसन्ना तोवर गोड चेहऱ्याचा नायक होता, त्याला त्याने दया केलं आणि चेहरा लांब केसांआड टाकला. पांडियराजन म्हणजे 'आण् पावम्'चा विनोदी माणूस, तो इथे दयाचा साथीदार. 'युद्धम् सेय्'मध्ये सीबी-सीआयडीचा, म्हणजे राज्य पोलिसांच्या गुन्हे तपास शाखेचा, अधिकारी कोण, तर चेरन, 'ऑटोग्राफ'वाला, मवाळ आणि हळवा. त्याच चित्रपटात वाय. जी. महेंद्रन, ज्यांना रंगमंचावर पाहिलं की लोक हसायला सुरुवात करतात. लक्ष्मी रामकृष्णन यांनी त्या भूमिकेसाठी डोक्याचं मुंडण केलं.

आणि याच्या बरोबर उलट 'पिसासु'. राधा रवी, आयुष्यभर पडद्यावर दुष्टपणा केलेला माणूस, तिथे मुलीचा बाप आहे. बर्फाच्या लादीपाशी त्यांचा आवाज फुटतो तेव्हा आधीच्या सगळ्या खलभूमिका मागे उभ्या राहतात, म्हणून तो प्रसंग दुप्पट लागतो. नवा नट घेऊन हे साधलं नसतं.

चिमणबाग

उंबरठा, या प्रतिसादाला शंभर मोदक.

रानवाट

सगळे कौतुक करतायत, तर विरोधी बाजू मी मांडतो.

लकबी खटकतात. वीस गुंड आणि एक नायक. एकोणीस जण हात खाली सोडून उभे, एक पुढे येतो, मार खातो, पडतो, मग पुढचा. 'ओनायुम्'मधलं पार्किंग घ्या, 'युद्धम् सेय्'मधला पुलावरचा प्रसंग घ्या. एवढ्या कच्च्या वास्तवाच्या चित्रपटात ही कवायत कशी चालते? रस्त्यावर असं कुणी मारामारी करत नाही.

गवाक्ष

रानवाट, रस्त्यावर तशी होत नाही हे मान्य. पण असं का करतो हे कॅमेऱ्याच्या बाजूने पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं. थोडं सविस्तर लिहितो.

नेहमीच्या मारामारीत एक ठोसा तीन-चार तुकड्यांत दाखवतात: हात सुटला, चेहरा वळला, माणूस पडला. फसवणूक त्या कापाकापीत लपते. मिष्किन एकच लांबचा शॉट ठेवतो, सगळी माणसं डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत, आणि कॅमेरा जवळजवळ स्थिर. असं ठरवलं की अडचणी लगेच उभ्या राहतात.

पहिली अडचण फटीची. मारणारा आणि मार खाणारा यांच्या काटकोनात कॅमेरा ठेवला तर मूठ आणि हनुवटी यांच्यातली वीतभर मोकळी जागा सरळ दिसते. ती लपवायची तर दोघे कॅमेऱ्याच्या रेषेत हवेत, म्हणजे एकाची पाठ आपल्याकडे. वीस माणसं एकदम आली तर त्यातले निम्मे चुकीच्या कोनात सापडतात. एकेक करून आली तर प्रत्येकाला नेमक्या जागी, नेमक्या कोनात आणता येतं.

दुसरी अडचण पडण्याची. कट नसल्यामुळे पडलेला माणूस चौकटीतून नाहीसा करता येत नाही. तो तिथेच पडून राहतो, आणि पुढच्याला त्याला ओलांडून यावं लागतं. गाद्या अंथरता येत नाहीत, कारण जमीन दिसते. मग एका माणसाला एकच वार, फार तर दोन. कमी वार आणि मधे थांबणं, ही शिस्त इथून येते.

आता परिणाम पाहा. मधल्या शांततेत उभ्या माणसाच्या चेहऱ्यावर 'पुढचा नंबर माझा' हे दिसतं. भीती तिथे आहे. जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या समुराईंच्या द्वंद्वात हेच असतं: वाट बघणं लांबलचक आणि वार क्षणभर. मिष्किन कुरोसावाला आणि फ्रेंच दिग्दर्शक ब्रेसाँला उघडपणे गुरू मानतो, त्यामुळे हे योगायोगाने झालेलं नाही.

रानवाट

गवाक्ष, तंत्र समजलं आणि त्याबद्दल आभार. तरी माझा आक्षेप थोडा शिल्लक आहे. 'ओनायुम्'मध्ये हे चालून जातं, कारण सगळा चित्रपटच बोधकथेसारखा रचलाय, नावातच लांडगा आणि करडू आहेत. 'मुगमूडी'त तीच पद्धत अंगावर येते. तिथे गोष्ट मुखवटा घातलेल्या नायकाची, प्रेक्षकाला वेग हवाय आणि दिग्दर्शक थांबून उभा.

गवाक्ष

'मुगमूडी'बद्दल शंभर टक्के सहमत.

पाटपाणी

गवाक्ष, पायांच्या शॉटबद्दलही लिहा ना. लघुपट करणारी मुलं त्याची हमखास नक्कल करतात आणि हमखास फसतात. का?

गवाक्ष

तीन-चार कारणं आहेत.

भिंग जमिनीपासून चार-सहा इंचांवर लागतं. नेहमीचा ट्रायपॉड तेवढा खाली उतरत नाही, म्हणून हाय-हॅट (कॅमेरा जमिनीलगत बसवायची बुटकी बैठक) तरी हवी नाहीतर वाळूची पिशवी. पिशवी अर्धीच भरायची. गच्च भरली की कॅमेरा तिच्यात बसत नाही, डुगडुगतो. क्षितिज पाव अंशाने कललं तरी खालून ते लगेच कळतं, म्हणून पातळी बघायचीच.

भिंग २४ ते ३५ मिमीच्या मधलं. त्याहून रुंद घेतलं की पुढचा बूट होडीएवढा होतो आणि गांभीर्य जातं. नटांच्या जागा ठरवायला जमिनीवर चिकटवलेल्या पट्ट्या, केबल, चहाचे कप, सगळं चौकटीत येतं. खुणा पट्टीऐवजी खडे ठेवून करायच्या.

सगळ्यात जास्त फसतो तो आवाज. बूम माइक डोक्यावर असतो, त्यात पावलं येतात पण बारीक, लांबून आल्यासारखी. पडद्यावर बूट डोळ्यासमोर आणि आवाज दहा फुटांवरून, असा घोळ होतो. पावलं नंतर वेगळी ध्वनिमुद्रित करून भरावी लागतात, तीही त्याच पृष्ठभागावर: डांबर असेल तर डांबर, फरशी असेल तर फरशी.

पण खरं कारण तंत्राचं नाहीच. चेहरा दाखवायचा टाळला म्हणजे गूढ निर्माण होतं, असं मुलांना वाटतं. मिष्किनकडे पाय काहीतरी सांगत असतात: हा माणूस थबकला, हा मागे सरला, याला निघून जायचंय पण जाववत नाही. ब्रेसाँच्या 'पिकपॉकेट'मध्ये हात जे काम करतात तेच. पायांना करायला काही नसेल तर तो शॉट फक्त बुटांचा.

निळीशाई

रात्रीच्या दृश्यांबद्दल माझी भर. 'ओनायुम्' जवळपास सगळा एका रात्रीत घडतो, त्यामुळे कुणाला तसं काही करायचं झालं तर उपयोगी पडेल.

सोडियमचे पिवळे दिवे साधारण २००० ते २१०० केल्विनचे (केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचं माप) आणि रंग दाखवण्यात फार कमकुवत. त्यांच्याखाली रक्त लाल न दिसता काळपट दिसतं, कपड्यांचे रंग मरतात, चेहऱ्याला एकच तांबूस छटा येते. नंतर संगणकावर रंग दुरुस्त करायला गेलं तर काही परत येत नाही, कारण मुळात ते प्रकाशात नव्हतेच.

दुसरं लुकलुकण्याचं. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. सेकंदाला २४ फ्रेम असताना शटर (एका फ्रेमला किती वेळ प्रकाश मिळतो ते ठरवणारं) नेहमीच्या १८० अंशांवर, म्हणजे १/४८ सेकंदावर ठेवलं तर चित्रात मंद लाटा फिरताना दिसू शकतात. १७२.८ अंश करा, म्हणजे बरोबर १/५० सेकंद होतो आणि लाट थांबते. कॅमेऱ्यात अंशांची सोय नसेल तर सरळ १/५० निवडा.

वाळवण

धागा चित्रपट बघण्यावरून काढण्यावर पोचला. अशीच प्रगती राहिली तर वर्षअखेरीस इथलाच एखादा मुहूर्ताचा नारळ फोडेल!

पारंबी

अवांतर: या सगळ्या चित्रपटांची नावं इतकी शुद्ध तमिळ का? तमिळ चित्रपटांना आधी 'युथ'सारखी नावं चालायचीच की.

उंबरठा

पारंबी, २००६ साली तमिळनाडू सरकारने तमिळ नावाच्या चित्रपटांना करमणूक कर माफ केला. निर्मात्यांनी धडाधड नावं बदलली. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर ते गणित बदललं, आणि २०२० मध्ये मिष्किननेच चित्रपटाचं नाव 'सायको' ठेवलं.

कोयरी

अजून एक अवांतर, मराठी धाग्यांचं. 'अंजादे'मधल्या 'कत्ताळ कण्णाल' या गाण्यात नाचलेली स्निग्धा अकोलकर पुढे 'नंदलाला'त मोठ्या भूमिकेत आहे. नायिकेकडून मेकअप आणि नखरे काढून घेतल्यावर काय उरतं ते तिथे पाहावं. आणि दुसऱ्या बाजूने, निशिकांत कामतांनी 'डोंबिवली फास्ट'चा तमिळ अवतार 'एवनो ओरुवन' स्वतःच केला होता, माधवनला घेऊन, २००७ साली. म्हणजे 'अंजादे'च्या बरोबर आधी.

रानवाट

'नंदलाला'चं नाव निघालंच आहे तर तेही बोलू. जपानी दिग्दर्शक ताकेशी कितानोच्या 'किकुजिरो'वरून (१९९९) घेतलाय. ढाचा तोच: आईच्या शोधात निघालेला मुलगा आणि सोबतीला एक विचित्र माणूस. गुरू मानता तर श्रेय द्या, एवढी साधी अपेक्षा आहे.

तिठा

मान्य. श्रेय द्यायलाच हवं होतं, तिथे बचाव नाही. चित्रपट म्हणून मात्र तो उभा राहतो तो इळैयराजांच्या संगीतावर आणि मिष्किनच्या स्वतःच्या अभिनयावर.

पाटपाणी

इळैयराजा म्हटलं की 'ओनायुम्'. एकही गाणं नाही, नायिका नाही, आणि श्रेयनामावलीत इळैयराजांच्या कामाला पार्श्वसंगीत न म्हणता 'पुढचं' संगीत असं म्हटलंय. ऐकल्यावर ते पटतं. धावपळीच्या दृश्यात ढोल-ताशे बडवायची सवय झालेल्या कानांना तिथे व्हायोलिन, व्हिओला, चेलो ऐकू येतात आणि ती धावणाऱ्याच्या पायांबरोबर नाही, त्याच्या अपराधाबरोबर चालतात. कानाला इअरफोन लावून बघा. टीव्हीच्या स्पीकरवर चेलोचा खालचा भाग जातो आणि निम्मी गोष्ट त्याच्याबरोबर जाते.

काजवा

पाटपाणी, अगदी. आता थोडा स्पॉयलर, 'ओनायुम्'चा.

स्मशानातला प्रसंग. लांडगा त्या छोट्या आंधळ्या मुलीला गोष्ट सांगतो, लांडग्याची आणि कोकराची. एकाच शॉटमध्ये, मिष्किन स्वतः, पूर्ण वेळ. आतापर्यंत हा माणूस कोण, या आंधळ्या कुटुंबाला घेऊन का पळतोय, पोलीस आणि गुंड दोघे का मागे आहेत, यातलं काही आपल्याला सांगितलेलं नसतं. दुसऱ्या कुणी इथे फ्लॅशबॅक घातला असता: खून, रक्त, पश्चात्ताप. इथे खून दिसतच नाही. मुलीला समजेल अशा भाषेत खुनाची कबुली द्यायची आहे, म्हणून ती गोष्ट होते. शेजारी बसलेला चंद्रू सगळं ऐकतोय आणि त्याला अर्थ कळतोय. वैद्यकीय विद्यार्थी, ज्याने रस्त्यावर पडलेल्या या माणसाला कुठलंच हॉस्पिटल घेईना म्हणून घरी नेऊन, फोनवर आपल्या प्राध्यापकांना विचारत शस्त्रक्रिया केली. आपण कुणाला वाचवलं हे त्याला त्या क्षणी उमगतं.

माझा मूळ मुद्दा हाच होता. गुन्ह्याचा उलगडा आणि क्षमेची मागणी एकाच वाक्यात येतात.

कोयरी

काजवा, त्या दृश्यात कॅमेरा मुलीच्या प्रतिक्रियेकडे वळत नाही हेही महत्त्वाचं. वळला असता तर ती रडली की नाही यावर आपलं लक्ष गेलं असतं.

चिमणबाग

'सायको'बद्दल कुणीच बोलत नाही. मला तो अजिबात पचला नाही. कोइंबतूरसारख्या शहरात एकामागून एक बायका पळवल्या जातात, मुंडकी छाटली जातात, आणि पोलीस ढिम्म. साधं सीसीटीव्ही फुटेज कुणी मागत नाही. आंधळा नायक गाडी चालवतो. वर खुन्याची कीव करायची?

उंबरठा

चिमणबाग, पोलिसांच्या बाबतीत तुमचं बरोबर. तपासकथा म्हणून तो चाळणीसारखा आहे. पण नायकाचं नाव गौतम आणि खुन्याचं अंगुली, ही किल्ली सुरुवातीला हातात घेतली तर चित्रपट वेगळा उघडतो. ती अंगुलिमालाची कथा आहे. बुद्धाने अंगुलिमालाला पकडलं नाही, थांबवलं. इथे थांबवण्याचं काम नायकाकडे नाही, पळवून नेलेल्या दाहिनीकडे आहे. अदिती राव हैदरीच्या त्या बसून राहण्यात सगळी ताकद आहे.

चिमणबाग

कथा कळते, तरी माझी तक्रार राहतेच. अंगुलिमालाने मारलेल्यांची घरं कुठे आहेत या चित्रपटात? 'युद्धम् सेय्'मध्ये त्याने मुलगी गमावलेल्या घराच्या बाजूने सगळा चित्रपट उभा केला. इथे मेलेल्या बायकांना नावं मिळतात, पण माणसं मिळत नाहीत. करुणा फक्त मारणाऱ्याच्या वाट्याला गेली.

काजवा

हा या धाग्यातला सगळ्यात नेमका आक्षेप आहे आणि त्याला माझ्याकडे तोड नाही. 'युद्धम् सेय्' जास्त प्रामाणिक वाटतो तो म्हणूनच.

पारंबी

मूळ प्रश्नाकडे येऊ का? चार दिवस सुट्टी आहे. हिंसा फार सहन होत नाही, पण रडायला हरकत नाही. क्रम सांगा.

तिठा

मग 'सायको' आणि 'युद्धम् सेय्' आत्ता बाजूला ठेवा. 'युद्धम् सेय्'मध्ये कापलेले हात खोक्यात घालून गर्दीच्या जागी ठेवलेले सापडतात, सुरुवातीपासूनच.

पहिल्या दिवशी 'अंजादे'. तीन तासांच्या आसपास आहे, जेवून बसा. दुसऱ्या दिवशी 'पिसासु': भुताचा म्हणून विकला, पण आतून अपघाताचा तपास आहे. त्यात लाल-हिरव्या रंगांकडे नीट लक्ष ठेवा, याहून जास्त सांगत नाही. तिसऱ्या दिवशी 'ओनायुम् आट्टुक्कुट्टियुम्', रात्री, दिवे बंद करून. चौथ्या दिवशी हलकं काही हवं असेल तर 'तुप्परिवाळन्'. विशाल गुप्तहेर आहे, मोठमोठी अशिलं परत पाठवतो आणि एका लहान मुलाच्या मारलेल्या कुत्र्याची केस घेतो.

निळीशाई

सबटायटलबद्दल एक सूचना, पारंबी. 'अंजादे'मध्ये 'एट्टु' किंवा 'एट्टय्या' ऐकू येईल, ते हेड कॉन्स्टेबल. खाली नुसतं 'सर' येतं आणि पायऱ्या सपाट होतात. त्या चित्रपटात कोण कुणाला सॅल्यूट ठोकतं यावर बापलेकाचं अख्खं नातं फिरतं, म्हणून खांद्यावरच्या पट्ट्या बघत चला. तीन तारे इन्स्पेक्टर, दोन तारे सब-इन्स्पेक्टर, हे आपल्यासारखंच.

कोयरी

आणि गाणी पुढे ढकलू नका. 'कत्ताळ कण्णाल' हे मध्येच आलेलं नाचगाणं वाटेल, पिवळ्या साडीतलं, जसं मिष्किनच्या पहिल्या चित्रपटातलं माशांच्या लग्नाचं गाणंही होतं. पण किरुबा कुणाच्या संगतीत जाऊन बसलाय हे त्याच गाण्यात ठरतं. नाचणारीकडे कमी आणि मागे बसलेल्यांकडे जास्त बघा.

पारंबी

'अंजादे' लावतेय. तीन तासांनी येते इथेच.